न पिणारा कोण?

२७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केट आणि मोठ्या दुकानांमधून वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. द्राक्ष उत्पादकांचे हित हे त्याचे कारण सांगितले गेले आणि लगोलग 'वाईन म्हणजे दारू नव्हे' असा युक्तिवादही झाला. गडचिरोलीत दारूमुक्तीचे काम उभे करणारे डॉ. अभय बंग विरोधात बोलले, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय रखडला. त्या वादात शेतकऱ्याचे उत्पन्न, राज्याचा महसूल, संस्कृती, संसार असे सगळे विषय निघाले. एक वाक्य मात्र कोणीच नीट तपासले नाही: थोडी घेतलेली हृदयाला चांगली असते.

हे वाक्य आता म्हणीसारखे झाले आहे. नातेवाईक ते सांगतात, कचेरीतले सहकारी सांगतात, कधी कधी डॉक्टरही सांगतात. सांगणारा प्रत्येक जण त्याला 'संशोधनात सिद्ध झालंय' अशी जोड देतो. माझे म्हणणे असे, की हे आजवर सिद्ध झालेले नाही. गेल्या शंभर वर्षांत संशोधकांना काहीतरी दिसले हे खरे. पण ते का दिसले हे कळायला नुसते पिणाऱ्याकडे पाहून भागत नाही. न पिणाऱ्याकडे पाहावे लागते.

गोष्ट १९२६ पासून सांगता येईल. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ रेमंड पर्ल यांनी त्या शहरातल्या कामगार कुटुंबांची माहिती तपासून 'अल्कोहोल अँड लाँजेव्हिटी' हे पुस्तक लिहिले. भरपूर पिणारे लवकर मरत होते, यात नवल नव्हते. नवल हे, की बेताने पिणारे मुळीच न पिणाऱ्यांपेक्षा कमी जगत नव्हते. उलट थोडे अधिकच जगताना दिसत होते. पुढे अनेक देशांत पाहण्या झाल्या आणि तोच आकार पुन्हा पुन्हा उमटला. आडव्या रेषेवर दारूचे प्रमाण आणि उभ्या रेषेवर मृत्यूचा धोका मांडला, तर न पिणाऱ्यांपाशी आलेख थोडा वर, एक-दोन पेल्यांपाशी खाली आणि तिथून पुढे चढत जाणारा. इंग्रजी 'जे' अक्षरासारखा.

या आकाराला लोकप्रियता मिळाली ती १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये. अमेरिकेतल्या 'सिक्स्टी मिनिट्स' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात 'फ्रेंच विरोधाभासा'वर एक भाग दाखवला गेला. फ्रेंच माणूस लोणी, चीज, मांस यथेच्छ खातो, तरी त्याला हृदयविकार कमी होतो. त्याचे रहस्य लाल वाईनमध्ये असावे, असे संशोधक सर्ज रेनो यांनी तिथे सांगितले. अमेरिकेत लाल वाईनचा खप झपाट्याने वाढला. त्याच वर्षी जानेवारीत खुद्द फ्रान्सने 'एव्हँ कायदा' करून दारूच्या जाहिरातींना लगाम घातला होता, कारण दारूने आपल्या देशाचे काय होते आहे हे फ्रेंच डॉक्टर रोज पाहत होते. ही बाजू पडद्यावरून घराघरांत पोहोचली नाही. पुढे १९९९ मध्ये माल्कम लॉ आणि निकोलस वॉल्ड या ब्रिटिश संशोधकांनी विरोधाभासाचा साधा उलगडा सुचवला: फ्रान्समध्ये प्राणिज चरबीचे सेवन अलीकडे वाढले होते आणि त्याचे परिणाम दिसायला काही दशके लागणार होती, शिवाय तिथे हृदयविकाराचे काही मृत्यू भलत्याच कारणाखाली नोंदले जात होते.

आता न पिणाऱ्याकडे येऊ. मैफलीत पेला पुढे केल्यावर एखादा हात आडवा करून म्हणतो, "नको, डॉक्टरांनी बंद केलीय." हा माणूस आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्याला रक्तदाब आहे, यकृत बिघडले आहे किंवा नुकताच झटका येऊन गेला आहे. तो पथ्यावर आहे. एखाद्या पाहणीत त्याला विचारले, 'तुम्ही दारू घेता का?' तर तो प्रामाणिकपणे 'नाही' म्हणेल आणि त्याची नोंद न पिणाऱ्यांत होईल. पाच वर्षांनी तो दगावला, तर त्याचा मृत्यूही न पिणाऱ्यांच्या खात्यावर पडेल. आलेख सांगेल, न पिणे धोक्याचे आहे.

ही चूक १९८८ मध्ये जेराल्ड शेपर यांनी जगापुढे मांडली. ब्रिटनमधल्या सात हजारांहून अधिक मध्यमवयीन पुरुषांच्या अभ्यासात त्यांना दिसले, की माणसे आजारी पडली की दारू कमी करतात किंवा सोडतात. म्हणजे दारू सोडल्याने आजार येत नव्हता. आजार आल्याने दारू सुटत होती. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली होती. 'सोडणाऱ्यांना वेगळे करून फक्त जन्मभर न प्यालेल्यांशी तुलना करा', असे मग संशोधक म्हणू लागले. उपाय योग्य होता, पण पुरेसा नव्हता. ज्या समाजात पिणे हीच रीत आहे, तिथे जन्मभर न पिणारा माणूसही सर्वसाधारण नसतो. तो लहानपणापासून अशक्त असू शकतो, गरीब असू शकतो, एकटा असू शकतो. २००५ मध्ये टिमथी नेमी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीतून हृदयविकाराशी जोडलेले ३० घटक तपासले: उत्पन्न, शिक्षण, वजन, दातांची अवस्था, डॉक्टरकडे जाण्याची ऐपत असे. त्यातले २७ घटक न पिणाऱ्यांमध्ये अधिक वाईट निघाले. रोज रात्री जेवणाबरोबर एक पेला वाईन घेणारा माणूस बहुधा सुस्थितीतला, सोबतीत राहणारा, स्वतःची काळजी घेणारा असतो. त्याची प्रकृती चांगली असेल, तर श्रेय पेल्याला द्यायचे की पेल्याभोवतीच्या आयुष्याला?

संख्याशास्त्रज्ञ म्हणतील, हे फरक आम्ही गणिताने काढून टाकतो. काढतात, पण जे मोजले आहे तेवढेच काढता येते. जे मोजले गेलेले नसते ते आकड्यांत दडून बसते. त्याची खूण म्हणजे फायद्यांची लांबत जाणारी यादी. हान्स ओलाव फेक्येर या नॉर्वेच्या मनोविकारतज्ज्ञांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की बेताने पिण्याचे फायदे वीसहून अधिक रोगांवर सांगितले गेले आहेत. त्यात बहिरेपणा आहे, साधी सर्दीसुद्धा आहे. एक औषध इतक्या असंबद्ध रोगांवर चालते असे दिसले, तर सावध वैद्य औषधाचा जयजयकार करणार नाही. आपण कोणाची तुलना कोणाशी करतो आहोत, हे तो आधी पाहील. २०२३ मध्ये टिम स्टॉकवेल आणि सहकाऱ्यांनी १०७ अभ्यास एकत्र केले, एकंदर ४८ लाख माणसांची माहिती. तुलनेतले हे दोष दूर केल्यावर बेताने पिणाऱ्यांच्या पदरी कसोटीला उतरेल असा आयुष्याचा फायदा उरला नाही.

'पण शास्त्रीय कारणही आहे ना?' असा प्रश्न येतो. आहे. दारूने एचडीएल, म्हणजे ज्याला 'चांगले कोलेस्टेरॉल' म्हणतात ते, वाढते. आपल्या रक्ततपासणीच्या कागदावर ते असते, म्हणून हा मुद्दा फार पटतो. पण एचडीएल वाढवणारे टॉर्सेट्रापिब हे औषध आले तेव्हा त्याच्या चाचणीत मृत्यू वाढले आणि २००६ मध्ये ते थांबवावे लागले. कागदावरचा आकडा सुधारणे आणि माणूस वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाल वाईनमधल्या रेझव्हेराट्रॉल या द्रव्याचेही असेच झाले. इटलीत वाईनसाठी प्रसिद्ध असलेल्या कियान्ती भागातल्या ७८३ वृद्धांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या शरीरात हे द्रव्य जास्त होते, ते अधिक जगले नाहीत आणि त्यांना हृदयविकारही कमी झाला नाही.

मग खरे कसे कळावे? निसर्गाने एक चिठ्ठी टाकून ठेवली आहे. पूर्व आशियातल्या अनेकांच्या शरीरात दारू पचवणाऱ्या एका विकराचे जनुक दुबळे असते. दारू घेतली की त्यांचा चेहरा लाल होतो, मळमळते, म्हणून ते फार कमी पितात. हे जनुक जन्मतःच मिळते. श्रीमंती, पथ्य, आजारपण यांचा त्याच्या वाटपाशी संबंध नसतो. त्यामुळे हे जनुक असलेले आणि नसलेले यांची तुलना करणे म्हणजे जवळजवळ नाणेफेक करून केलेल्या चाचणीसारखे होते. चीनमधल्या पाच लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासातून २०१९ मध्ये हेच तपासले गेले. लोकांनी स्वतः सांगितलेल्या पिण्यावरून आलेख काढला, तेव्हा बेताने पिणाऱ्यांना पक्षाघात कमी होतो असे दिसले. ओळखीचा बाक पुन्हा उमटला. जनुकांवरून काढला, तेव्हा तो बाक नाहीसा झाला. दारूबरोबर पक्षाघाताचा धोका सरळ चढत गेला. तिथल्या स्त्रियांमध्येही तीच जनुके होती, पण त्या जवळजवळ पीतच नसल्याने त्यांच्यात असा संबंध आढळला नाही. म्हणजे दोष जनुकाचा नव्हता, दारूचाच होता. हृदयाच्या झटक्याबाबत मात्र त्या अभ्यासात स्पष्ट उत्तर मिळाले नाही, हेही सांगायला हवे. त्याआधी २०१४ मध्ये मायकेल होम्स आणि सहकाऱ्यांनी अडीच लाखांहून अधिक, मुख्यतः युरोपीय वंशाच्या, लोकांवर अशीच जनुकीय तुलना केली होती. जनुकामुळे कमी पिणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो, असे त्यांना दिसले.

यावर एकच निर्णायक उपाय होता: माणसांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला रोज एक पेला द्यायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही आणि वर्षानुवर्षे पाहायचे. असा प्रयोग अमेरिकेत सुरू झालाही होता. ७,८०० माणसे, सुमारे सहा वर्षे, जवळपास १० कोटी डॉलर खर्च. त्यातला मोठा वाटा मद्य कंपन्यांनी देऊ केला होता. सरकारी अधिकारी आणि संशोधक यांनी आधीच कंपन्यांशी बोलणी केली होती आणि निकाल अनुकूल येण्याची आशा त्यांना दाखवली होती, हे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने उघड केले. जून २०१८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे संचालक फ्रान्सिस कॉलिन्स यांनी प्रयोग बंद केला. त्या प्रयोगाच्या आराखड्यातच एक गोम होती: कर्करोगासारखे परिणाम टिपायला ना त्याची मुदत पुरेशी होती ना माणसांची संख्या. ज्याला पेला विकायचा आहे, त्याच्याच पैशांनी पेल्याची परीक्षा घेतली, तर प्रश्नपत्रिका सोपी निघणारच.

इथवर वाचून कोणी म्हणेल, 'म्हणजे एक थेंबही विष आहे, संपला विषय.' माझा संशय या घोषणेलाही लागू आहे. २०१८ मध्ये जागतिक रोगभाराच्या मोठ्या अभ्यासाने जाहीर केले, की दारूची कोणतीच पातळी सुरक्षित नाही. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड स्पीगेलहाल्टर यांनी त्याचे आकडे उलगडून दाखवले. एक लाख न पिणाऱ्यांमध्ये वर्षाला ९१४ जणांना दारूशी जोडलेला एखादा आजार होतो. रोज एक पेला घेणाऱ्या एक लाखात ९१८ जणांना. लाखात चार जास्त. रोज दोन पेल्यांना ९७७ आणि पाच पेल्यांना १,२५२. म्हणजे घोषणा खरी आहे, पण पहिल्या पेल्यावरचा धोका इतका लहान आहे, की त्याने कोणाची झोप उडायचे कारण नाही. आणि पुढच्या पेल्यांवर तो भराभर वाढतो, हे त्याहून महत्त्वाचे आहे. घाबरवण्यासाठी आकडा मोठा करून दाखवणे आणि विकण्यासाठी लहान करून दाखवणे, दोन्हींत वाचकाची फसवणूकच होते.

तज्ज्ञांच्या संस्थांतही एकमत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने लिहिले, की बेताने पिणाऱ्यांचा एकूण मृत्युदर कधीच न प्यालेल्यांपेक्षा कमी दिसतो. त्याच अहवालात स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो हेही होते. काही दिवसांतच, जानेवारी २०२५ मध्ये, अमेरिकेचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी दारूच्या बाटल्यांवर कर्करोगाचा इशारा छापण्याची शिफारस केली. वाचक वैतागून म्हणतो, 'यांचे यांनाच कळत नाही, मग मी का सोडू?' मला हा निष्कर्ष घातक वाटतो. दोन्ही बाजूंचे पुरावे सारख्या वजनाचे नाहीत. अल्कोहोल कर्करोग करते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवले आणि ते कसे करते हेही आता माहीत आहे: शरीरात त्याचे अ‍ॅसिटाल्डिहाइड होते आणि ते डीएनएला इजा करते. आयुष्य वाढते हा दावा मात्र अजूनही, न पिणारा कोण, या प्रश्नावर अडलेला आहे.

शिवाय पुराव्याचा भार कोणावर? अपाय होतो म्हणणाऱ्यावर आणि औषध आहे म्हणणाऱ्यावर तो सारखा नसतो. औषध म्हणवून घेणाऱ्या वस्तूला कठोर परीक्षा द्यावीच लागते. रजोनिवृत्तीनंतर हार्मोन्स घेतल्याने स्त्रियांचे हृदय सुरक्षित राहते, असे अनेक निरीक्षणे वर्षानुवर्षे सांगत होती. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचा एक भाग २००२ मध्ये वेळेआधी थांबवावा लागला. हृदयाला संरक्षण मिळालेच नव्हते, अपाय मात्र दिसले होते. हार्मोन्स घेणाऱ्या स्त्रिया मुळातच अधिक सुस्थितीतल्या आणि निरोगी होत्या. एक-दोन पेल्यांच्या कथेत हीच माणसे वेगळ्या नावाने भेटतात.

आता आपल्या घरी येऊ. अमेरिकेत 'एक पेला' म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, ब्रिटनमध्ये 'एक युनिट' म्हणजे ८ ग्रॅम. आपला ३० मिलिलिटरचा छोटा पेग सुमारे १० ग्रॅमचा. मोठा पेग २० ग्रॅमचा, म्हणजे तो एकच अमेरिकी मापाच्या पुढे गेला. १८० मिलिलिटरची क्वार्टर ६० ग्रॅमची, चार अमेरिकी पेल्यांहून अधिक. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली म्हणजे जवळजवळ तीन पेले. परदेशी अभ्यासातला 'बेताने' आणि आपल्या टेबलावरचा 'थोडीच' यांची गाठ क्वचितच पडते. त्यातही शनिवारी एका बैठकीत सात दिवसांचे माप संपवणे आणि रोज जेवणाबरोबर एक पेला घेणे ही शरीराच्या हिशेबी एक गोष्ट नाही.

आणि आपल्याकडे न पिणारा कोण? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ वर्षांवरचे सुमारे १९ टक्के पुरुष आणि एक टक्का स्त्रिया दारू पितात असे आढळले. विवाहाच्या जाहिरातीत 'निर्व्यसनी' हा शब्द आपण गुण म्हणून छापतो. न पिणे इथे बहुसंख्यांची रीत आहे. न पिणारा इथे आजारी, एकटा किंवा विचित्र ठरत नाही. मग अशा समाजात तो प्रसिद्ध फायदा दिसतो का? सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात एकूण जगात मद्यपानाशी हृदयविकार कमी असण्याचा संबंध दिसला होता. दक्षिण आशियाई लोकांत तो दिसला नाही. जिथे न पिणारा सर्वसाधारण माणूस असतो, तिथे पेल्याचे तेज ओसरते. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते.

हे सगळे अभ्यास आणखी एका बाबतीत अपुरे आहेत: ते पिणाऱ्याची धमनी मोजतात, त्याचे घर मोजत नाहीत. महाराष्ट्राच्या गावांनी ते वेगळ्या पद्धतीने मोजले आहे. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातल्या निम्म्याहून अधिक स्त्री मतदारांनी आडवीला कौल दिला, की दुकान बंद. त्या बायकांनी 'जे' आकाराचा आलेख पाहिलेला नसतो. पण मजुरीतले किती पैसे घरी आले, रात्री कोणाला मार बसला, मुलाची फी का राहिली, याची पाहणी त्या स्वतःच्या घरात वर्षानुवर्षे करत असतात. आरोग्य हा शब्द एका माणसाच्या छातीपुरता ठेवला, तर त्यांची साक्ष कुठेच नोंदली जात नाही.

मी कोणाच्या हातातला पेला काढून घ्यायला निघालेलो नाही. ज्याला चव आवडते, मित्रांबरोबरची संध्याकाळ आवडते, त्याने तसे सांगून घ्यावी. प्रौढ माणसाला तो अधिकार आहे आणि कमी घेतली तर धोकाही कमी आहे. पण 'हृदयासाठी घेतो' हे सांगणे थांबवावे. न पिणाऱ्याने प्रकृतीसाठी सुरुवात करावी, असा सल्ला अमेरिकन हार्ट असोसिएशनसुद्धा देत नाही. हृदयासाठी करायच्या गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत: तंबाखू सोडणे, रक्तदाब आणि साखर तपासत राहणे, रोज चालणे, मीठ कमी करणे. यांतल्या एकीसाठीही बाटलीची गरज लागत नाही.

पुढच्या वेळी कोणी म्हणाले, 'थोडी घेतलेली चांगली, सिद्ध झालंय', तर त्याला एवढेच विचारा: कोणाच्या तुलनेत? आणि ज्यांच्याशी तुलना केली, त्यांनी दारू का सोडली होती?